घुगरी-टोपलीचं प्रकरण

ते प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही. यवतमाळच्या एका पोलीस ठाण्यात मी झाडलोट आणि चहापाण्याचं काम करत होते, आता निवृत्त झाले. महिला शिपाई बंदोबस्ताला गेल्या, की चौकशीला आणलेल्या बाईजवळ मला बसवत. त्या दिवशीही बसवलं.

सकाळी एका सराफाचा फोन आला. कॉलेजची मुलगी जुनी चांदी मोडायला आली होती, पावती नव्हती. शहराजवळच्या लोहारा भागात त्याच आठवड्यात घरफोडी होऊन चांदी गेलेली. ठाणेदार साहेबांनी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मुलीला आणवलं. कापडात घुगरी-टोपली होती. हे दागिने आमच्या बंजारा बायका लग्न झाल्यापासून केसांत अडकवतात. नवरा गेल्यावरच उतरवतात.

नाव, गाव, कॉलेज तिनं नीट सांगितलं. चांदी कोणाची म्हटलं, की गप्प. साहेब आवाज चढवणारे नव्हते. तेच ते पुन्हा विचारत राहायचे आणि माणूस थकायचा. दीड तासानं तिनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि हुंदके देत पुटपुटली, "याडी... याडी..."

"यादी म्हणते," साहेब म्हणाले. "म्हणजे माल आणखी आहे."

लेखनिक हवालदार हसले. "घरकुलाची यादी असन साहेब, बापाचं नाव नसन आलं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "यादी कुठी ठेवली वं? सांगून दे, सुटशीन."

तिनं पुन्हा गुडघ्यांत डोकं घातलं.

मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होते. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी तांड्यातली आहे हे ठाण्यात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या वर्षांत साहेबांपुढे 'हो जी' पलीकडे मी काही बोलले नव्हते. ग्लास ठेवला आणि बाहेर आले.

तिच्या खोलीची झडती झाली. यादी निघाली नाही. फी भरल्याशिवाय हॉलतिकीट मिळणार नाही, अशी कॉलेजची नोटीस तेवढी निघाली. साहेबांनी पांढरकवड्याकडे, तिच्या तांड्यावर जीप पाठवली.

दुपारी तिला जेवण दिलं, तेव्हा मी आमच्या बोलीत हळूच विचारलं. तिला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगितलं. शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता बँकेत एका कागदासाठी अडकला होता. परीक्षा तोंडावर आलेली. आईनं नवरा जिवंत असताना डोक्यावरची चांदी उतरवून दिली, पदर पुढे ओढून घेतला आणि कोणाला सांगू नको म्हणाली. मग मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही आपल्यातल्या. मंग सकाळी काहून नाही बोलल्या?"

मी तशीच उठून साहेबांकडे गेले. "साहेब, याडी म्हंजे आई," इतकंच बोलता आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, लगेच फोन लावला. पण जीप पोचली होती. शिपाई तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसून मोबाइलमधला फोटो एकेकाला दाखवत होते, ही चांदी कोणाची म्हणून.

साहेब भला माणूस. चांदी सही घेऊन परत केली, कॉलेजात स्वतः बोलून हॉलतिकीट सोडवलं. दिवस मावळायच्या आत आई घ्यायला आली. मुलीनं पुरचुंडी पुढे केली. मी म्हटलं, बाई, घालून घे.

"आता कोणाले दाखवू?" आई म्हणाली. "लोकायनं मोकळं डोकं पाहून घेतलं."

या बोभाट्यापायी बापानं पोरीचं शिक्षण तिथंच थांबवलं, हे नंतर कळलं. कर्ज मात्र फेडायचंच होतं.

चौकशीत खोटं बोलणाऱ्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो बोलत नाही, त्याला कोणी विचारत नाही. त्या सकाळी आम्ही दोघीही गप्प होतो. तिला आईला जपायचं होतं. मला नुसती भीड होती.

मागच्या वर्षी पांढरकवड्याला कापडाच्या दुकानात ती दिसली, गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होती. मी आमच्या बोलीत विचारलं, बरी आहेस का. तिनं मला ओळखलं. साडीची घडी उलगडली आणि मराठीत भाव सांगितला.