कधीही न उतरणारा बावटा

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी माझा भाऊ बैल घेऊन माळावर गेला. माळावर तोफेचा गोळा पडला. भाऊ मेला.

लष्कराने चौकशी तिसऱ्या दिवशी ठेवली होती. जवान आणि गावकरी काय बोलत होते ते वहिनीच्या कानावर आलं होतं. मी निघताना ती दारात आली.

"भावजी, लोक म्हनत्यात ह्यांचाच गाढवपना. तेवढं कागदात येऊ देऊ नका. मला दुसरं काय बी नको."

मी बरं म्हणालो.

चौकशी तासाभरात संपली. अपघात टाळण्यासाठी जे जे करायला हवं ते सगळं तुकडीने केलं होतं, असं ठरलं. ते खरंच होतं. त्यांनी ते केलं नसतं तर भाऊ वाचला असता.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि चाकणच्या अलीकडे, आमच्या गावच्या माळावर, तोफखान्याची एक तुकडी हिवाळाभर सरावाला उतरली होती. मी मॅट्रिक झालेला आणि शेतीला निरुपयोगी. मराठी कागद लिहायला तुकडीने मला कारकून म्हणून घेतलं.

तुकडीचे कॅप्टनसाहेब सुरक्षिततेचे भक्त होते. प्रत्येक तंबूपुढे वाळूची लाल बादली असे आणि तिच्यातली वाळू सांडली तर शिक्षा होई. आग लागली असती तरी ती वाळू कुणी हलवली असती का, याची मला शंका आहे. शनिवारी जवानांना सावधगिरीवर व्याख्यान असायचं. निम्मे जवान ते उभ्या उभ्या झोपून ऐकत आणि साहेब ते डोळे मिटून देत.

गावासाठी व्यवस्था साधी होती. गोळे सुटणार त्या दिवशी टेकाडावर लाल बावटा चढवायचा आणि काम संपलं की उतरवायचा. दवंडीचा मजकूर मीच लिहून दिला होता. पहिले पंधरा दिवस बावटा दिसला की माळावर कुणी पाऊल टाकत नसे. मग पुण्याहून तपासणीला एक मोठे साहेब आले. त्या दिवशी गोळे सुटणार नव्हते, म्हणून बावटा नव्हता.

"बावटा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कॅप्टनसाहेबांना उत्तर ठाऊक होतं. पण वरिष्ठांना उत्तर देणं त्यांच्या सावधगिरीत बसत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे बावटा चढवला आणि यापुढे तो उतरवायचा नाही, असा हुकूम काढला. बावटा नसला तर दोष लागतो, असला तर कधीच लागत नाही, एवढा हिशेब त्यांना कळला होता.

आठवड्याभरात भावाने मला जेवताना गाठलं.

"काय रं कारकून, तुझा बावटा झोपतो तरी कवा?"

"तो आता कायमचा वर."

"म्हंजी रोज तोफा?"

"नाही. आठवड्यातून दोन दिवस. पण कुठले, ते आधी सांगत नाहीत."

"मग बाकीचं पाच दिस काय वाळत घातलाय व्हय?"

वहिनी हसली. भाऊ माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून म्हणाला, "बैलांनी काय ही बुकं खायाची? गवत तर समदं माळावर हाय."

मग गावाने स्वतःची खूण शोधली. तोफा लॉऱ्यांमागे बांधून सकाळी कच्च्या रस्त्याने माळावर चढत. तो रस्ता आमच्या शेतापासून कोसभर लांब. आवाज येत नसे, पण धुळीचा लोट लांबूनही दिसे. धूळ उठली की घरी बसायचं, नाही उठली की गुरं सोडायची. ही खूण साहेबांच्या बावट्यापेक्षा हुशार होती, आणि महिनाभर ती एकदाही चुकली नाही.

भाऊ गेला त्याच्या आदल्या रविवारी धुळीत समोरचं न दिसून दोन लॉऱ्या एकमेकींना घासल्या. साहेबांनी लगेच हुकूम काढला: अपघात टाळण्यासाठी रस्त्यावर रोज पहाटे पाणी मारावं. पाणी गावच्या विहिरीतून घ्यायचं होतं, म्हणून पाटलांना कळवायचं पत्र मी लिहिलं. घरी जाऊन वाचत बसलो. भाऊ हाताच्या अंतरावर दावं वळत होता. धूळ आणि भाऊ यांचा काही संबंध आहे, हे इतकं वाचलेल्या माणसाला सुचलं नाही.

सोमवारी तोफा नव्हत्या. मंगळवारी होत्या, आणि धूळ उठली नाही.

चौकशीत कॅप्टनसाहेब विचारत आणि सुभेदार ते मराठीत सांगत. सुभेदार साताऱ्याकडचे, मनाने वाईट नव्हते. साक्ष माझी होती आणि लिहिणाराही मीच होतो, कारण मराठी कागद लिहिणं हेच माझं काम होतं.

"बावटा वर होता?"

"होता. पण तो रोजच असतो, मग माणसाने—"

"विचारलं तेवढंच सांगा," सुभेदार हळूच म्हणाले. "उगाच लांबवू नका."

मी धुळीचं सांगितलं. रस्त्यावर पाणी मारल्याचंही सांगितलं. सुभेदारांनी ते साहेबांच्या कानावर घातलं तसे साहेब खूश झाले. "हे चांगलं आठवलं," ते म्हणाले. "तेही लिहा." घेतलेल्या खबरदारीत आणखी एक ओळ वाढली. मग शेवटचं वाक्य सांगण्यात आलं: मृत्यू मृताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला.

मला लेखणी खाली ठेवता आली असती. आधी लिहू, मग विनंती करून शब्द बदलून घेऊ, असा विचार मी केला. शिकलेली माणसं भित्रेपणाला असाच विचार म्हणतात. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या शब्दावरही ते बिघडलं नाही. विनंती मी केलीच नाही. साहेब सही करून जेवायला गेले.

वहिनी दारातच उभी होती.

"आला का त्यो शब्द?"

"आलाच नाही कागदात," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि वाचलेल्या बैलाला पाणी दाखवायला गेली. पुन्हा कधी तिने विचारलं नाही. भावकीत कुणी काही बोललं तर ती सांगायची, सरकारने तसं लिहिलेलं न्हाई, आमच्या भावजींनी सोता बघितलंय.

वहिनी गेल्या महिन्यात वारली. त्या कागदाची नक्कल माझ्या पेटीत आहे. शब्द त्यात आहे.