पाककृतीच्या जागी हरकत

वाशीतल्या आमच्या दैनिकात माझ्याकडे बायकांचं पान होतं. पाककृती, रुखवत, केसगळती. मी मागितली होती महापालिकेच्या बातम्यांची बीट. "तिथे राडे होतात, तुम्हाला कशाला टेन्शन?" असं म्हणून संपादकांनी ती माझ्यानंतर आलेल्या सहकाऱ्याला दिली.

एका दुपारी बोनकोड्याची एक बाई शाळकरी मुलीला घेऊन ऑफिसात आली. हातात आमचाच अंक. त्यातल्या एका जाहीर नोटिशीभोवती मुलीने शाईने गोल काढला होता. या बाईने वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क भावांच्या नावे स्वखुशीने सोडला आहे, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावं, असं तिथे छापलं होतं. नव्या शहरासाठी सरकारने घेतलेल्या त्या जमिनीच्या बदल्यात आता भूखंड मिळणार होते.

"मी कदी सोरला हक्क?" बाई म्हणाली. "रेशनकार्डाचा कागुद हाय सांगून भावांनी आंगठा घेतला. पोरीनं पेपर वाचला तवा समजला."

मी तिला घेऊन संपादकांकडे गेले. "ती जाहिरात आहे, बातमी नाही," ते म्हणाले. "हरकत असेल तर तिनेही जाहिरात द्यावी." बांधकामात उतरलेले तिचे भाऊ दिवाळी अंकाला पूर्ण पान द्यायचे, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं.

माझं पान छपाईआधी कुणी वाचत नसे. त्या आठवड्यात मी कोथिंबीरवडीची पाककृती काढून टाकली आणि तिथे बाईचं म्हणणं तिच्याच बोलीत लावलं. मथळा दिला, 'मी हक्क सोडलेला नाही'. माझ्या वकील मैत्रिणीने मुदतीच्या आत लेखी हरकतही दाखल केली.

अंक निघाला त्याच दिवशी दोघे भाऊ ऑफिसात आले.

"मॅडम, आमच्या घरातला मॅटर पेपरात कशाला?"

"पेपरात तुम्हीच आणलात. मी तिची बाजू छापली."

"बहिनीला साडीचोळी आमी कदी कमी केली नाय," थोरला म्हणाला.

"मग भूखंड तिला द्या आणि साड्या तुम्ही ठेवा."

मी खुर्चीवरून उठले नाही. ते गेल्यावर संपादकांनी दिलगिरीचा मजकूर समोर ठेवला. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी माझं पान गेलं आणि निधनवार्ता आल्या.

पुढे सुनावणीत भावांना तो कागद मागे घ्यावा लागला. बाईला वाटा मिळाला, भाऊबीज मात्र तुटली. ती मला सांगायला आली तेव्हा रडली, आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तरी बरा केला आपन."

निधनवार्तांत मी वर्षभर होते. 'पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे' असाच मजकूर यायचा. मी प्रत्येक घरी फोन लावायचे. मुली आहेत का? त्यांची नावं सांगा.

"त्या कशाला? त्या लग्न करून गेल्या."

"गेल्या, मेल्या नाहीत," मी म्हणायचे. काही जण फोन आपटायचे. बरेचसे मात्र नावं सांगायचे, आणि ती मी मुलग्यांच्या ओळीतच, वयाच्या क्रमाने लावायचे.