न कापलेल्या पानातला हत्ती

आधीच सांगतो, भूतबित, चमत्कारबिमत्कार माझ्या डोक्यात कधी शिरलेच नाहीत. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. आज माझी पाळी… हसा खुशाल.

मी नांदेडचा. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवतो. बायको त्याला "कसर पाळणं" म्हणते! दोन वर्षांपूर्वी हदगावच्या एका रद्दीवाल्याकडे मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक मिळालं. नाव सांगत नाही, उगाच फोन सुरू होतील. पहिली आवृत्ती, आणि तीही पानं न कापलेली. पूर्वी छापील कागदाच्या घड्या तशाच शिवायचे, वाचणारा सुरीने पानं सोडवत जायचा. माझ्या प्रतीत अनुक्रमणिकेनंतर सगळं बंद. म्हणजे छापल्यापासून ते कुणी वाचलेलंच नव्हतं. आम्हा वेड्यांसाठी हे सोनं! अशा पानांना सुरी लावायची नसते.

मागच्या महिन्यात लातूरला आत्याकडे गेलो. वय शहाऐंशी, पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलेलं. पण ती आजाराबद्दल बोलेचना, आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आठवणीच काढत बसली.

"दिल्या, लहानपणी आबा मला पुस्तक वाचून दाखवायचे. सुताराच्या पोरीची गोष्ट अर्धी झाली अन् दुसऱ्या दिवशी रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलं. पुस्तक घरातच राहिलं. ती पोरगी रानात चुकली होती रे… पुढं काय झालं, अजून ठावं न्हाई. आता मी ऑपरेशनातून उठते का न्हाई…"

माझ्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली शेवटची गोष्ट सुताराच्या पोरीचीच होती.

घरी येऊन चार दिवस कपाटासमोर येरझाऱ्या घातल्या. लाज वाटते सांगायला, पण मला काळजी पुस्तकाची होती. शेवटी बायको म्हणाली, "आत्याबाई मोठ्या का कागद मोठा?" मी गुपचूप पुस्तक पिशवीत घातलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आत्याच्या खाटेवर बसून मी स्वतःच्या हाताने सुरी चालवली. कापत गेलो, वाचत गेलो. पोरगी रानात शिरली, वाट चुकली… पुढची घडी कापली आणि थबकलो. समासात पेन्सिलीने हत्ती काढलेला! लहान मुलाच्या हातचा, वेडावाकडा.

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "थांबलास का? हत्ती आला का?"

"तुला… कसं माहीत?"

"मीच काढला की! तीनच पाय असतील बघ. चौथा काढताना आबांनी पाहिलं. लई रागावले, अन् पुस्तकच मिटून टाकलं."

मोजले. तीनच.

अंगावर सर्रकन काटा आला. आत्याला मात्र कसलंच नवल नाही! "वाच की पुढं! पोरीला रानात सोडून काय बसून राहिलास?"

वाचलं. पोरगी घरी पोचते, बाप दारातच उभा असतो. आत्या डोळे पुसत हसली आणि हात पुढे केला, "पेन्सिल दे."

पहिल्या आवृत्तीवर पेन्सिल! बायकोने ओल्या हाताने कपाट उघडलं तरी घर डोक्यावर घेणारा मी… निमूट खिशातली पेन्सिल काढून दिली.

ऑपरेशन नीट झालं. आत्या आता सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे ठणठणीत आहे. मी दुसऱ्या एका न कापलेल्या पुस्तकाच्या घडीत पेन्सिल घालून पाहिली — चित्र कसलं, धड रेघही ओढता येत नाही. आमच्या बाइंडर गफूरभाईंना पुस्तक दाखवलं. "साब, कटाई तो ताजी है… फिर हाथी अंदर कब गया?" म्हणाले आणि चहा मागवला.

खरं सांगू, उत्तर शोधायची मला घाई नाही. संग्राहकांच्या लेखी पुस्तक आता वाया गेलं, पण मला ते उघडून बघितलं की बरं वाटतं. चौथा पाय जरा जाडच झालाय. आत्या म्हणते, "असू दे, आता आबा रागवायचे न्हाईत."