डावा हात रजेवर आहे

माणसाला संयम शिकवायला देवाने शेजारी, रिक्षावाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी निर्माण केले असं म्हणतात. माझ्या बाबतीत त्याने एवढा खटाटोप केला नाही, एक साडू देऊन काम भागवलं. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. राहायला ठाकुर्लीला. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी हयात मराठी टायपिस्ट म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावरही ते टायपिस्टच राहिले. बाकीची माणसं निवृत्त झाली की कुंड्यांना पाणी घालतात, देवळाच्या पायरीवर बसतात. आमचे साडू टेबलावर, मांडीवर, सोफ्याच्या हातावर, जिथे दहा बोटं टेकतील तिथे टाईप करायचे. तुम्ही काही सांगायला लागलात की त्यांची नजर तुमच्याकडे, मान डोलते आहे आणि बोटं मांडीवर चालू. तुमचं वाक्य लांबलं तर हात वर करून म्हणायचे, "आता पूर्णविराम द्या हो, बोटं दुखली." माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी सगळी मंगलाष्टकं आहेराच्या पाकिटावर टाईप केली. गुरुजी एका ओळीत अडखळून मागे आले, तर यांनीही बोट मागे नेऊन तेवढा भाग खोडला. हे मी शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे आणि त्या नादात माझ्या अक्षता कुणाच्या तरी फेट्यावर पडल्या.

यामागे एक शास्त्र होतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या घरी चहा पुढे यायचा नाही. सरकारी पद्धतीच्या मराठी कीबोर्डवर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार हे सगळं डाव्या हाताला, आणि त्यांच्या सोबतीला म, न, व अशी थोडी अक्षरं. त्यामुळे साडू कुणाला गाव विचारायचे नाहीत, शिक्षण विचारायचे नाहीत. नाव विचारायचे, मांडीवर टाईप करून बघायचे आणि कुठल्या हातावर किती भार पडतो त्यावरून माणसाबद्दल मत बनवायचे. आम्ही मुलाचं नाव 'नवीन' असं ठेवायचं ठरवलं होतं. बारशाच्या दिवशी हे पाळण्याशी उभे राहून सगळ्या बायकांच्या देखत म्हणाले, "हे अख्खं नाव डाव्या हातात आहे. उजवा हात जन्मभर बसून खाईल." माझ्या आईने घाबरून नाव बदललं. मुलगा आज तिशीला आला, दोन्ही हातांनी काही करत नाही, तो भाग वेगळा.

मागच्या वर्षी साडूंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. वाचाही वाचली, आणि याबद्दल नातेवाइकांत थोडे मतभेद आहेत. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. डावा हात मात्र खांद्यापासून लुळा पडला. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं आणि आता तरी ते टायपिंग थांबेल असंही वाटलं. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम कॉम्प्युटर सुरू करण्याचं केलं, आणि इथे नौपाड्यात माझा मोबाईल वाजला. निरोप होता, "हजर." मी आनंदाने विचारलं, तब्येत कशी आहे? उत्तर आलं, "जड." काही हवं आहे का? "सरबत." मी म्हटलं, अजून ग्लानीत असतील. पण पुढे रोजच असं यायला लागलं. वर्तमानपत्रात माझा लेख छापून आला की "बकबक." मी रागावून उलट काही लिहिलं, तर त्यांचं उत्तर "हलकट." भाच्याला नोकरी लागली, "बरकत." बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या निरोपात एकही काना नाही, बघितलंत का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फक्त उजव्या हाताने जेवढे शब्द होतात तेवढेच ते लिहीत होते. घ, भ, ख असली अक्षरं काढायला डाव्या हाताने शिफ्टची कळ दाबावी लागते म्हणून तीही बाद. घर लिहिता येत नव्हतं, भात लिहिता येत नव्हता, मी आणि तू तर नव्हतेच.

मी तडक ठाकुर्ली गाठली आणि म्हटलं, "अहो, उजवा हात चांगला धडधाकट आहे ना? मग तोच डावीकडे नेऊन काना मारा. जग एका बोटाने टाईप करतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या कचेरीतला पंखा चोरताना सापडलो आहे. "ती डाव्याची जागा आहे," ते म्हणाले. "तो मेडिकल रजेवर आहे, नोकरी सोडून गेलेला नाही. खुर्ची रिकामी दिसली म्हणून दुसऱ्याला बसवायचं नसतं. एकदा बसवलं की पहिला परत येत नाही, आला तर त्याला जागा राहत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत." मग मोबाईलवर लिहा म्हटलं, तर अंगठ्याने टाईप करणं म्हणजे ढेकूण मारणं, असं त्यांचं मत पडलं. फोन करा, बोला, जीभ आहे ना, असंही म्हणून पाहिलं. "बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं फायलीत राहतं." डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, आता एका हाताची सवय करायला लावा. ते साडूंनी ताईंमागे उभं राहून ऐकलं होतं. म्हणून तर ही जागा अडवून ठेवण्याची सगळी धडपड.

आता माणूस आजारी आहे, हट्ट करतो आहे, तर करू द्यावा, हे म्हणायला सोपं आहे. तुमच्या मोबाईलवर भर दुपारी नुसतं "परत" असं येऊन पडलं तर तुम्ही काय कराल? मी धावत गेलो, तर तो निरोप ताईंसाठी होता आणि चुकून मला आला होता. ताई स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून उभ्या. "अहो, आणखी एक पोळी हवी तर माणूस तोंडाने मागतो. हे आतल्या खोलीतून 'परत' म्हणून पाठवतात. मी पीठ मळू का फोन बघू?" चहा हा शब्द उजव्या हाताने होत नाही, सरबत होतो. त्यामुळे बोलावणं सरबताचं यायचं, आणि लेखी एक, तोंडी एक असं त्यांना चालत नसल्यामुळे भर जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे कुडकुडत लिंबू सरबत पीत होतो. वरच्या मजल्यावरून त्यांच्या न्हाणीघरात पाणी झिरपायचं, त्याची तक्रार त्यांनी सोसायटीला केली: "टपटप. सतत टपटप. दगदग. सबब हरकत." सेक्रेटरींना ती कविता वाटली. त्यांनी ती गणपतीच्या स्मरणिकेत साडूंच्या फोटोसकट छापली, खाली उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून लिहिलं, आणि पाणी आजही झिरपतं आहे.

या सगळ्यात त्या हाताची सरबराई बघण्यासारखी होती. सकाळी आंघोळ झाली की साडू उजव्या हाताने डावा उचलायचे, टॉवेलने पुसायचे आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला नीट मांडून ठेवायचे. मी विचारलं, हे काय? "हजेरी. हजर असतो, काम करत नाही. आमच्या कचेरीत असे पुष्कळ होते, त्यांना पगारही मिळायचा." हात कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला झेपतील असे शब्दही त्यांनी काढून ठेवले होते. मन, मान, नमन. सगळे निव्वळ डाव्या हाताचे. "विमान दुसऱ्या आठवड्यात," ते म्हणायचे. एकदा घरच्या ग्रुपवर त्यांच्याकडून नुसत्या पहिल्या वेलांट्यांची लांबच लांब रांग आली, खाली एकही अक्षर नाही. बाबांचा हात हलला म्हणून नाशिकहून त्यांच्या मुलीचा रडत फोन, माझ्या बायकोने नवस बोलून टाकला. मी म्हटलं, हाताचा भार कळेवर पडला असेल. हे साडूंच्या कानावर गेलं आणि ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. महिनाभर निरोपही नाही. सुखाचा महिना होता, असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मला करमत नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यात त्यांच्याकडून निरोप आला, "रविवारी दोघंही जेवायला या. वांग्याचं भरीत करणार आहे." काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. बायकोने तो तीनदा मोठ्याने वाचला आणि देवापुढे साखर ठेवली. मी, ज्याने त्या माणसाच्या नावाने वर्षभर बोटं मोडली, तो मी खिडकीशी जाऊन उगीच बाहेर बघत उभा राहिलो. हात परत आला होता. त्यांचं खरं ठरलं, माझं आणि डॉक्टरांचं खोटं, आणि खोटं ठरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. रविवारी पेढे घेऊन गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कॉम्प्युटरपुढे दोघं खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. उजवीकडे साडू, डावीकडे ताई. साडूंनी एक कळ दाबली आणि म्हणाले, "आता काना."

"कुठे गेला मेला," ताई चष्मा सावरत एका बोटाने शोधत होत्या.

"वरच्या ओळीत. तिथेच असतो तो, बदली झालेली नाही त्याची."

त्यांचा डावा हात मांडीवर होता, खाली घडी केलेला नॅपकिन.

ताईंनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. मुलीला नाशिकला मुलगी झाली, तिने फोटो पाठवला. हे उत्तर द्यायला बसले. "हसत जग" एवढं लिहून पाठवलं. एका हाताने याहून चांगलं काही होत असेल असं मला वाटत नाही. पण त्यांना नात असं लिहायचं होतं. "सकाळभर बसले होते," ताई म्हणाल्या. "नुसता त काढायचे, पुसायचे. परत काढायचे. मग मला म्हणाले, जरा इकडे येतेस का, दोन कळा दाब. इतक्या वर्षांत यांनी मला हातातलं काम टाकून ये म्हटलेलं नव्हतं हो कधी." एवढं बोलून त्या भरीत ढवळत राहिल्या, ते ढवळायची काही गरज नव्हती.

जेवणं झाल्यावर मी साडूंजवळ बसलो. पेढ्यांचा पुडा पुढे केला. तो कशासाठी आणला होता, हे त्यांनी ओळखलं. "नाही येत तो, साहेब," ते सावकाश म्हणाले. "किती दिवस जागा अडवून ठेवायची? कामं खोळंबतात. नातीला काय सांगू, आजोबा जागा राखून बसले होते?" मग त्यांनी पेढा खाल्ला आणि पेढ्यात साखर जास्त आहे, हेही सांगितलं.

तेव्हापासून माझा छळ दुप्पट झाला आहे. आता निरोप एकट्याचे नसतात, संयुक्त असतात आणि रेल्वेच्या सूचनेएवढे लांब असतात. परवा माझ्या लेखाबद्दल त्यांना "भिकार" असं लिहायचं होतं. ताईंनी वेलांटी द्यायला साफ नकार दिला, त्यावरून दोघांत गहजब झाला, आणि शेवटी माझ्याकडे "लेख बरा आहे" असं आलं. ही हकिकत दोघांनीही मला वेगवेगळे फोन करून सांगितली. बायको त्यांचे निरोप वाचून खूश असते, म्हणते, बघा, किती छान लिहितात आता. छान लिहितात, यात वादच नाही. पण ठाकुर्लीहून काही आलं की मी पाहतो ते एवढंच, की काना-मात्रा नसलेला एखादा उघडाबोडका शब्द आला आहे का. शिवी असली तरी चालेल. तसे शब्द येत होते तोवर तो हात रजेवरून परत यायचा होता.