कोंडाजींच्या पिंपातली केळ

कोंडाजींची आणि माझी ओळख छतावरच्या एका डागानं करून दिली. इंदिरानगरात मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि ते माझ्या बरोबर वर. १९९८ च्या दिवाळीनंतर माझ्या बैठकीच्या छताला ओल आली. दर चार दिवसांनी ती थोडी पसरायची. दोन आठवडे मी ती नुसती पाहिली, मग वर गेलो.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. योगिनी तिचं नाव. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "केळीचं पाणी ना? या, दाखवते."

बैठकीत दक्षिणेच्या खिडकीपाशी अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप होतं. त्यात छातीएवढी केळ उभी होती. शेजारी पाटावर साठी ओलांडलेला एक माणूस तांब्या घेऊन बसला होता, तेच कोंडाजी. त्यांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. रविवारी मुलगा, शेखर, फरशीच्या फटी सिमेंटनं भरील, असं सांगितलं. केळ हलवण्याचा विषय त्यांच्या लेखी नव्हताच.

कोंडाजी मखमलाबादचे. कालव्याकाठी त्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, झेंडू, आणि बांधाला केळी. त्या केळी त्यांच्या वडिलांनी, भिकाजींनी लावलेल्या. पानं आणि खुंट पूजेसाठी पंचवटीच्या बाजारात जायचे. भावांच्या वाटणीनंतर मळ्याचे प्लॉट पडले. बांध सपाट करायला बुलडोझर आला त्या सकाळी कोंडाजी कुदळ घेऊन गेले आणि एक मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिलू, गड्ड्यासकट काढून घेऊन आले. भिकाजींच्या केळीतलं तेवढंच मागे राहिलं होतं. हे गेलं की संपलं.

"घड नाय आला तरी चालंल," ते मला म्हणाले. "बूड राह्यलं पायजे."

मळ्यात दारं धरायचं काम त्यांचं असे. खोरं घेऊन पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं. चाळीस वर्षं त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, शेखरलाही नाही. ज्याचा बांध गळतो त्याची गावात चेष्टा होते. त्यांचा कधी गळला नाही. म्हणून पिंप आणलं तेव्हा त्यांनी ते आधी उन्हात धरून पाहिलं. तळाशी गंजून एक छिद्र पडलं होतं. ते त्यांनी डांबर वितळवून बुजवलं. मग दर चौथ्या दिवशी पिंप काठोकाठ भरायचं. काठावरून सांडलेलं माझ्या छतात उतरायचं.

फटी भरून झाल्या, तरी मी वर जातच राहिलो. त्या घरात एक ठाम शांतता होती आणि ती मला माझ्या घरात सापडत नव्हती.

पौषात थंडी कडक पडली. केळीची खालची पानं पिवळी झाली. मधल्या पानाची सुरळी अर्ध्यावर अडकली, उलगडेना. कोंडाजींनी निदान केलं, तहान. मळ्यात पिवळं पान म्हणजे तहानच असे. ते एक दिवसाआड पाणी घालू लागले. पानं आणखी पिवळी पडली.

एका रविवारी योगिनीनं त्यांच्या हातातला तांब्या धरला. सासऱ्यांना ती मामा म्हणे.

"मामा, आता पाणी नको. ती बुडतेय."

कोंडाजी हसले. "तुझ्या बापानं इगतपुरीला रेल्वेचे शिग्नल पाडले. केळी कधी लावल्या?"

"केळी आईनं लावल्या," ती म्हणाली. "तुमच्याकडं पाणी आणावं लागतं, आमच्याकडं घालवावं लागतं. परसात उतारावर लावायच्या आणि वरच्या अंगाला चर खणायचा. एक वर्ष चर बुजला, सगळी बुडं कुजली. असाच वास येत होता."

 बाही सारून कोंडाजींनी हात कोपरापर्यंत मातीत घातला. बाहेर आला तेव्हा बोटांना काळा, आंबूस चिखल होता. बोटं त्यांनी नाकाशी नेली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भाऊ, घरात छिन्नी हाय का?"

मी छिन्नी-हातोडा आणला. तिघांनी मिळून पिंप गॅलरीत आडवं केलं, केळ बाहेर काढली. कोंडाजींनी विळ्यानं कुजकं कापत नेलं. खोडही उतरवावं लागलं. शेवटी नारळाएवढा पांढरा गड्डा उरला. कापल्या जागी लावायला चुलीची राख घरात कुठून असणार; योगिनीनं डब्यातली हळद दिली. दोन दिवस गड्डा सावलीत सुकला.

मग पिंप. छिन्नी त्यांनी नेमकी त्या डांबराच्या ठिपक्यावर टेकवली. हातोडा थोडा थांबला. आयुष्यभर बांध गळू न दिलेला माणूस पहिल्यांदा स्वतः बांध फोडत होता. मग त्यांनी घाव घातला, त्याच्या शेजारी आणखी चार घातले. कसलीही घाई नव्हती त्या हातांत. तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती, तीत गड्डा, पिंपाखाली विटा आणि गळणाऱ्या पाण्याला घमेलं.

काम संपलं. त्यांनी तांब्या उचलून योगिनीपुढं धरला.

"आता दारं तू धर."

बोट मातीत घालायचं. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी, हा तिचा नियम. कोंडाजी दर सोमवारी पिंप पाव फेरा वळवत, म्हणजे ऊन सगळीकडून लागावं. दिसायला तिथं नुसती माती होती. माघ गेला, फाल्गुन गेला. येणारेजाणारे विचारत, या पिंपात काय लावलंय? कोंडाजी सांगत, "केळ."

चैत्रात ते वणीला लेकीकडं गेले. गडाची यात्रा करून पंधरा दिवसांनी परतले तेव्हा मी वरच बसलो होतो. पिंपात वीतभर उंचीचा टोकदार हिरवा कोंब होता. योगिनीनं फोनवर मुद्दाम काही सांगितलं नव्हतं.

कोंडाजी चप्पल न काढताच खिडकीपाशी गेले. कोंब त्यांनी पाहिला असणारच. पण आधी त्यांनी मातीत बोट घातलं, दोन पेरं, आणि वर काढून अंगठ्यावर घासलं.

"काल दिलंस?"

"परवा. आज नको अजून."

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि मग चपला काढायला दाराकडं गेले.