दुसऱ्याचे पोट

ऑर्विल ट्वेट त्या सकाळी खुर्चीला टेकायला तयार नव्हता. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले. जीव मात्र त्याने दलदलीतल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पतंगांत घातला. असे पतंग केवळ पंखांवरून ओळखता येत नाहीत. पोट वेगळे काढून कॉस्टिक सोड्यात उकळायचे, आतली जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, तेव्हा जात ठरते. एका करड्या पतंगाची इंद्रिये तशा पंखांच्या कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नव्हती. नवीच जात असावी! संग्रहालयातल्या तज्ज्ञ सिग्ने हाउगेन तो न्यायला येत होत्या.

मी शेजारी, कॉफीला गेलो होतो. ऑर्विल खिडकीपाशी जाई, परत येई, पतंगांच्या पेटीचे झाकण उघडून पुन्हा लावी.

"बस की रे जरा," त्याची बायको आर्लिस म्हणाली. "फरशी झिजेल."

"नवी जात आहे, आर्लिस! आपल्या दलदलीतली!"

"कुठला तो? कोपऱ्यातला, पोट गळालेला?"

"गळालेला?"

"हिवाळ्यात फळी पुसताना पेटी निसटली. त्याचं नि शेजारच्या पिवळ्याचं पोट पडलं. नेलपॉलिशनं चिकटवून टाकलं. सांगितलं असतं, तर घर डोक्यावर घेतलं असतंस."

ऑर्विल जागीच थांबला. तपासायला पोट काढताना जोड चकाकलेला त्याने पाहिला होता. पण तुटलेले पोट संग्राहक स्वतःही चिकटवतात, म्हणून आपलेच जुने काम समजून त्याने ते सोडून दिले होते.

"कुणाचं कुणाला लावलंस?"

"त्यांच्यावर काय नावं होती?"

अंगणात गाडी थांबली.

"बोलू नकोस ना," आर्लिस कुजबुजली. "न्यायचा तर नेऊ दे."

ऑर्विलने दार उघडले. "सिग्ने, कोट काढू नका. बहुधा उगाच आलात तुम्ही."

सगळे ऐकून सिग्नेंनी कोट काढलाच. पिवळ्याचे पोट उकळेपर्यंत ऑर्विल स्टोव्हभोवती घुटमळत राहिला. भिंगाखाली पाहून त्या म्हणाल्या, "हे नेहमीच्या करड्याचं. अदलाबदल झालीय."

ऑर्विलने पेटीचे झाकण लावले.

"जोड मात्र सुरेख आहे हं, आर्लिस," सिग्ने म्हणाल्या.

"देवानं दोन हात दिलेत," आर्लिस म्हणाली, आणि तोंड फिरवून कप धुऊ लागली.

सांज होण्याआधीच ऑर्विल पतंग ओढून घ्यायला पांढरी चादर आणि दिवा घेऊन दलदलीकडे निघाला. मागोमाग आर्लिस.

"तू कशाला?"

"चादर धरायला. पतंगाला बोटसुद्धा लावणार नाही."

"नीट ताणून धर मग," तो म्हणाला. आणि अजून दिवा लावायचा होता, तरी त्याची नजर चादरीवर फिरू लागली.