टाचेकडचं कुंकू

"हात लावू नका!" मी ओरडले, तोवर सुनंदाताईंचं कुंकवाचं बोट स्कीच्या तळाला लागलंही होतं.

सुनंदाताई म्हणजे अनघाची आई. भांडुपहून चारकोपला माझ्या गाळ्यात आल्या होत्या. मी ग्लूच्या कंपनीतून रिटायर झाले आणि हा गाळा घेतला. अनघा बर्फावरच्या रेसमध्ये उतरते आणि स्की स्वतःच, इथे गाळ्यात बनवते. मागच्या हिवाळ्यात भर उतारावर तिच्या स्कीचा तळ सुटला, गुडघ्याला टाके पडले. आता पुढच्या आठवड्यात सिलेक्शन होतं. आल्या आल्या सुनंदाताईंनी एवढंच विचारलं होतं, "ताई, ही जोडी तरी सुटणार नाही ना?"

"नाही सुटणार," मी बिनधास्त सांगून टाकलं होतं.

स्कीचा तळ पॉलिथिनचा असतो. त्याला काहीही चिकटत नाही, म्हणून तर तो बर्फावरून सरसर जातो. पण लाकडाला जोडायचा तर तोच गुण आडवा येतो. म्हणून आतली बाजू पॉलिश पेपरने घासायची, पुसायची, मग गॅस टॉर्चची निळी ज्योत तिच्यावरून भरभर फिरवायची. प्लास्टिक वितळू द्यायचं नाही. वरचा पातळसा थर तेवढा बदलतो आणि मग एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून वापरायचा ग्लू, त्याला धरतो. काम झालं का, ते पाणी सांगतं. पसरलं तर पास, थेंब होऊन बसलं तर नापास.

ज्योत अनघाने फिरवली होती. मी एपॉक्सी कालवत होते.

"पाणी टाकून बघितलंस ना?"

"हो मावशी, पुढच्या टोकाला. झकास पसरलं."

तेवढ्यात सुनंदाताईंनी पाण्यात कुंकू कालवून त्याच आतल्या बाजूला एक बोट पुढे आणि एक मागे टाचेकडे लावलं.

"आई, वाट लावलीस ना!" अनघा चिडली. "बोट लागलं की तिथे ग्लू धरत नाही!"

"नवीन वस्तूला कुंकू लावायला नको?" त्या रडकुंडीला आल्या. "तुझ्या गुडघ्यासाठीच लावलं गं."

मीही दोन शब्द सुनावणार होते. फडकं घेऊन वाकले आणि थांबले. पुढचं कुंकू छान पसरलं होतं. टाचेकडचं थेंब थेंब होऊन बसलं होतं.

"अनघा, इकडे बघ."

"म्हणजे मागे झालंच नाही?"

मी टॉर्चचा गॅसचा कॅन हलवला. जवळजवळ रिकामा. शेवटी शेवटी ज्योत मंदावली होती आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

वाटीतला एपॉक्सी एव्हाना गरम होऊन घट्ट व्हायला लागला होता. तो फेकला. नवा कॅन लावून पुन्हा घासणं, पुसणं, ज्योत. या वेळी पाणी थेट टाचेपर्यंत पसरलं. वाळवलं आणि चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कडेची कापलेली पट्टी पकडीने ओढून पाहिली. प्लास्टिक फाटलं, जोड हलला नाही.

अनघाचं सिलेक्शन थोडक्यात हुकलं. पण स्की शाबूत आणि गुडघेही. "नाही सुटली हो!" सुनंदाताई फोनवर सांगत होत्या, आणि वर माझेच आभार मानत होत्या. अहो, शब्द मी दिला होता, राखला तुमच्या बोटाने. हे मी त्यांना सांगूनही टाकलं.

आता गाळ्यात एपॉक्सी कालवण्याआधी पाण्याची परीक्षा टोकापासून टाचेपर्यंत होते, कापून टाकायच्या कडेवर. त्या पाण्यात चिमूटभर कुंकू असतं. का, असं कोणी विचारलं तर मी सांगते, थेंब नीट दिसतात.